थ्रेड : सर्व्हर, आवाज आणि पुण्याचा एक संशोधक

१/ सर्व्हर सांभाळणे हे डोळसांचेच काम, असा सर्वसाधारण समज आहे. संगणकाचा इतिहास वेगळे सांगतो. हे काम मुळात शब्दांचे होते : आज्ञा टंकायची आणि यंत्राचे उत्तर ओळीने वाचायचे. जे ओळीने वाचता येते, ते ऐकताही येते.

२/ १९८९ मध्ये डॉससाठी 'जॉज' हा पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम आला. त्याचे निर्माते टेड हेंटर यांची दृष्टी मोटार अपघातात गेली होती.

३/ पुढे विंडोजचे युग आले. आज्ञांची जागा चित्रांनी आणि माउसने घेतली. डोळसांना संगणक सोपा झाला. अंधांसाठी मात्र उघडलेले दार पुन्हा लोटले गेले. चित्राला नावच नसेल, तर प्रोग्राम वाचणार काय?

४/ टी. व्ही. रामन यांचा जन्म १९६५ मध्ये पुण्यात झाला. काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी दृष्टी गेली. पुणे विद्यापीठातून गणिताची पदवी, पुढे आयआयटी मुंबई आणि १९९४ मध्ये कॉर्नेलची पीएच.डी. प्रबंधाचा विषय होता, गणिती मजकूर आवाजातून कसा पोहोचवावा.

५/ १९९५ मध्ये त्यांनी युनिक्स-लिनक्ससाठी 'ईमॅकस्पीक' खुले केले. साधा स्क्रीन रीडर कॅलेंडर म्हणजे आकड्यांची रांग वाचतो. ईमॅकस्पीक तारीख आणि वार सांगतो. अक्षरांमागचा अर्थ बोलला जाऊ लागला.

६/ २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने विंडोजसाठी 'एनव्हीडीए'चे काम सुरू केले. तो विनामूल्य आहे.

७/ डिस्लेक्सियाची अडचण निराळी. एक अक्षर चुकले की आज्ञा फसते. तिथे टॅब कळ दाबून शब्द पूर्ण करून घेणे आणि मजकूर ऐकत वाचणे उपयोगी पडते. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात या विद्यार्थ्यांचा उल्लेख नव्हता. २०१६ च्या कायद्यातील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता समाविष्ट झाली.

८/ १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झालेला वाशिम २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. तिथल्या विद्यार्थ्यालाही आज लिनक्स आणि एनव्हीडीए फुकट मिळू शकतात. पण प्रशिक्षणाच्या पुस्तकात 'शेजारच्या चित्राप्रमाणे लाल बटण दाबा' एवढेच लिहिले असेल, तर विंडोजने लोटलेले दार आता शिक्षक लोटतो. त्याच जागी आज्ञा शब्दांत लिहिली, तर ते उघडते.