चिन्हसूचीची छाटणी : एका संगणकीय प्रथेचा इतिहास

माणसाला वाचता येणारी आज्ञावली कंपायलर जेव्हा यंत्रभाषेत उतरवतो, तेव्हा त्यातील फंक्शनांच्या व चलांच्या नावांची यादी म्हणजे चिन्हसूची, आणि सांगितल्यास कोणती यंत्राज्ञा मूळ मजकुराच्या कितव्या ओळीतून आली याची नोंदही, सहसा तयार फाइलीतच ठेवतो. चुका शोधणाऱ्याला म्हणजे डीबगिंग करणाऱ्याला ही माहिती मोलाची असली, तरी आज्ञावली चालण्यासाठी ती लागत नाही. ती काढून टाकणारी ‘स्ट्रिप’ ही आज्ञा नोव्हेंबर १९७१ मधील युनिक्सच्या पहिल्या पुस्तिकेतच आढळते, आणि त्यात नवल नाही, कारण त्या काळच्या पीडीपी-११ यंत्राची स्मृती अवघी २४ किलोबाइट व चकती ५१२ किलोबाइट होती.

पुढे जागेची चणचण सरली, प्रथा मात्र टिकली. विंडोजवर ही माहिती पीडीबी नावाच्या स्वतंत्र फाइलीत जात असल्याने छाटण्याजोगे फारसे उरत नाही. मॅकवर ती ‘डीसिम’ या जुडग्यात गोळा होते. लिनक्सवर ती मूळ फाइलीतून काढून वेगळ्या फाइलीत ठेवता येते, आणि दोहोंची जोडी ‘बिल्ड-आयडी’ या ओळखखुणेवरून जुळवली जाते.

या इतिहासातील मराठी मुलखाचा भाग पुण्यात घडला. तेथील केपीआयटी कमिन्स या कंपनीने हिताचीकडून रेनेसासकडे आलेल्या एसएच व एच८ या सूक्ष्मनियंत्रकांसाठी, म्हणजे उपकरणांच्या पोटात बसणाऱ्या छोट्या संगणकांसाठी, जीएनयू कंपायलर व त्याची साधने जुळवून ‘जीएनयूएसएच’ आणि ‘जीएनयूएच८’ या नावांनी विनामूल्य दिली. अशा चिपमध्ये नावांना मुळी जागाच नसते. ‘ऑब्जकॉपी’ हे साधन केवळ यंत्राज्ञा व आकडे उचलून ‘एस-रेकॉर्ड’ ही फाइल बनवते, तीच चिपवर उतरते, आणि नावांसह पूर्ण फाइल अभियंत्याच्या संगणकावर राहते. छाटावे पण फेकू नये ही रीत येथे गरजेपोटीच अंगवळणी पडते.

छाटणीने आज्ञावलीच्या रचनेचे गुपित राखले जाते हा समज मात्र अर्धाच खरा आहे, कारण चालताना बाहेरच्या ग्रंथालयांशी, म्हणजे तयार आज्ञासंचांशी, जोडून घेण्यासाठी लागणारी नावे फाइलीत उरतातच आणि जाणकार विश्लेषक बाकीची रचना चिकाटीने उलगडतो. मुंबई विद्यापीठाच्या संगणक अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात, आणि म्हणून शहापूर तालुक्यातील आसनगावसारख्या गावच्या महाविद्यालयातही, चिन्हसूची कशी उभी राहते हे शिकवले जाते. छाटलेली सूची जपण्याची शिस्तही तेथील प्रात्यक्षिकांत आवर्जून यावी.