लखोबाचे गाव

निपाणीचा म्हटले, की समोरचा हमखास विचारतो, “म्हणजे लखोबा लोखंडेंचे गाव?” पुण्यात कॉलेजला गेलो तेव्हापासून हे ऐकतो आहे. तंबाखूच्या वखारी, सीमालढ्यात तुरुंगात गेलेली माणसे, सारे मागे पडते आणि बायकांना फसवणारा एक भामटा पुढे येतो. पूर्वी राग यायचा. आता त्या प्रश्नात मला आचार्य अत्रे दिसतात.

अत्रे मुळात मास्तर आणि कवी. ‘झेंडूची फुले’ १९२५ची, ‘साष्टांग नमस्कार’ १९३३चे. बोलपट तेव्हा अगदी नवा. पहिला मराठी बोलपट ‘अयोध्येचा राजा’ १९३२मध्ये आलेला. खांडेकर १९३६मध्ये ‘छाया’ लिहून त्या वाटेने गेले, पाठोपाठ अत्रे. ‘धर्मवीर’, ‘ब्रह्मचारी’ हे त्यांचे बोलपट कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सचे, म्हणजे आमच्या वेशीबाहेरचेच! मासिके चालवण्याचा नाद जुना असला, तरी ‘नवयुग’ साप्ताहिक निघाले ते यानंतर, १९४०मध्ये. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. पडद्यासाठी संवाद लिहिलेला माणूस अग्रलेख लिहू लागला, म्हणून ते अग्रलेख कानाने वाचायचे झाले.

याचा पुरावा आमच्या ओसरीवर होता. १ नोव्हेंबर १९५६ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि १५ नोव्हेंबरला ‘मराठा’ दैनिक सुरू झाले. वडील ते मोठ्याने वाचत. आजीला अक्षरओळख नव्हती, पण अग्रलेख चुकवीत नसे. तिला गोडी मुख्यतः शिव्यांची, हे कबूल केले पाहिजे. त्यांतले काही घाव आज वाचवत नाहीत. अत्र्यांना हात आवरणे ठाऊकच नव्हते.

आणि याच माणसाने साने गुरुजींची ‘श्यामची आई’ १९५३मध्ये पडद्यावर आणली! आई झाल्या ग्वाल्हेरच्या घरातल्या वनमाला. चित्रपटांना राष्ट्रीय पारितोषिके द्यायला १९५४मध्ये सुरुवात झाली, आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक या मराठी चित्रपटाला मिळाले. आजी तो पाहून दोन दिवस धड जेवली नव्हती.

१ मे १९६०ला महाराष्ट्र झाला. आम्ही बाहेरच राहिलो. ‘मराठा’च्या रकान्यांनी मुंबई मिळवायला हातभार लावला, निपाणी काही मिळाली नाही. दोन वर्षांनी, १९६२मध्ये, मो. ग. रांगणेकरांच्या ‘नाट्यनिकेतन’ने ‘तो मी नव्हेच’ आणले. एका खऱ्या खटल्यावर बेतलेले नाटक, फिरता रंगमंच, आणि प्रभाकर पणशीकर पाच रूपांत. कोर्टात बाकीची सगळी रूपे नाकारणारा आरोपी एकच ओळख घट्ट धरून बसतो: आपण निपाणीचे तंबाखूचे व्यापारी. ज्या गावासाठी संपादक अत्र्यांनी लेखणी झिजवली, ते गाव महाराष्ट्राच्या तोंडी बसवले नाटककार अत्र्यांच्या या लबाडाने. असा न्याय!

माझी नात कन्नड माध्यमात शिकते. परवा ट्रंकेतला ‘मराठा’चा पिवळा अंक तिच्यापुढे ठेवला, दोन ओळींतच जोडाक्षरांना अडखळली आणि हसून उठली. रात्री पणशीकरांच्या प्रयोगाचा व्हिडिओ लावला. तिसऱ्या अंकापर्यंत जागची हलली नाही. मग विचारते कशी, “आजोबा, त्यांची वखार आपल्या गल्लीत होती का हो?”