खोक्यावर नाव कुणाचं?

कोल्हापुरी चपलेवर पीएच.डी. करायची म्हटलं, की सगळे तुम्हाला कातडं, वेणी आणि शाहू महाराज सांगतात. मी म्हणतो, खोकंही बघा.

चप्पल पूर्वी गावाच्या नावानं ओळखली जायची. 'कापशी' म्हणजे कागल तालुक्यातलं कापशी. नाव मालालाच चिकटलेलं होतं. खोकं आलं आणि नाव छापायला वेगळी जागा तयार झाली. ती कुणाला मिळाली, हे खर्चाच्या हिशोबात सापडतं.

कडक खोक्याच्या आत कप्पा बोर्ड असतो: रद्दीपासून केलेला राखाडी पुठ्ठा, साधारण दीड ते तीन मिलिमीटर जाड. त्यावर छापील आर्ट पेपर चिकटवतात. हे खोकं चपटं होत नाही, त्यामुळे रिकामं असलं तरी भरल्याएवढीच जागा खातं. डुप्लेक्स बोर्डाचं घडीचं खोकं म्हणूनच स्वस्त पडतं.

खरी गोम छपाईत आहे. ऑफसेटला चार रंगांच्या चार प्लेटी लागतात. शंभर खोकी छापा नाहीतर पाच हजार, प्लेटी आणि मशीन लावण्याचा खर्च तेवढाच. सोनेरी अक्षरं हवीत तर ब्लॉक वेगळा. घरात बसून मोजके जोड करणाऱ्या कुटुंबानं पाच हजार खोकी घेऊन ठेवायची कुठं? दुकानदाराला ते परवडतं. म्हणून खोक्यावर दुकान आलं आणि कारागीर गेला.

हे माझं अनुमान आहे, निष्कर्ष नव्हे. पण तपासता येतं. स्क्रीन प्रिंटिंग थोड्या नगांनाही परवडतं; मग तशा खोक्यांवर कारागिराचं नाव जास्त दिसतं का? चप्पल लाईनमधली जुनी खोकी बघा, प्रेसवाल्यांकडची बिलं मागा. पुराभिलेखागारात हे मिळणार नाही.

2025 मध्ये प्राडानं मिलानला कोल्हापुरीसारख्या चपला श्रेय न देता दाखवल्या, तेव्हा आपण सगळे चिडलो, आणि बरोबरच चिडलो. पण भौगोलिक मानांकनात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकचेही चार जिल्हे आहेत. अथणीत शिवलेल्या जोडाच्या खोक्यावर आपण अथणी छापतो का?

आणि हो, नमुने जमवताना एक सांभाळा. असं कमावलेलं कातडं पावसाळ्यात लॅमिनेशनच्या खोक्यात बंद राहिलं की बुरशी धरतं. जोड हवेशीर ठेवा, खोकं वेगळं ठेवा, आणि दोन्हींवर एकच नंबर टाका.