कार्यालयीन इंटरनेट वापराचे नियमन

कार्यालयीन इंटरनेट वापराचे नियमन म्हणजे संस्थेने आपल्या कर्मचाऱ्यांच्या इंटरनेट वापरावर घातलेल्या मर्यादा, त्या वापराच्या ठेवलेल्या नोंदी आणि त्यातून उद्भवणारे सुरक्षाविषयक धोके कमी करण्यासाठी केलेली व्यवस्था होय. त्यात विशिष्ट संकेतस्थळे बंद ठेवण्यापासून संगणकांच्या जाळ्याची विभागणी, ईमेलची छाननी, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि लेखी वापर-धोरण यांपर्यंत अनेक गोष्टींचा समावेश होतो. व्यवहारात या विषयाकडे पुष्कळदा केवळ शिस्तीचा प्रश्न म्हणून पाहिले जाते. मात्र गेल्या काही दशकांतील मोठ्या सायबर हल्ल्यांचा अभ्यास केल्यास, कर्मचारी कोणते संकेतस्थळ पाहतो यापेक्षा त्याच्या संगणकावरून पुढे कोठपर्यंत पोहोचता येते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

पार्श्वभूमी

भारतात सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगम लिमिटेडने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. त्या काळी जोडणी दूरध्वनीच्या तारेवरून होत असे आणि जोडणी चालू असेपर्यंत दूरध्वनीचे बिल वाढत असे. त्यामुळे आरंभीची बंधने मुख्यतः खर्च, वेळेचा अपव्यय आणि अश्लील मजकूर यांच्याशी निगडित होती. पाश्चात्त्य देशांत याच सुमारास संकेतस्थळे गाळणारी सॉफ्टवेअर बाजारात आली.

४ मे २००० रोजी पसरलेल्या ‘आय लव्ह यू’ या विषाणूने हा दृष्टिकोन बदलण्यास हातभार लावला. फिलिपिन्समधून निघालेला हा विषाणू प्रेमपत्र असल्याचे भासवणाऱ्या ईमेलला जोडलेला असे. विंडोज प्रणाली फाइलच्या नावाचा शेवटचा भाग दाखवत नसल्यामुळे ती साधी मजकुराची फाइल वाटे. ती उघडताच विषाणू त्या व्यक्तीच्या पत्त्यांच्या यादीतील सर्वांना स्वतःच्या प्रती पाठवी. ब्रिटनच्या संसदेला आपली ईमेल व्यवस्था काही काळ बंद ठेवावी लागली. येथे कोणी वेळ वाया घालवला नव्हता की निषिद्ध संकेतस्थळ पाहिले नव्हते. ओळखीच्या माणसाकडून आलेले पत्र उघडले, इतकेच.

जोखमीचे स्वरूप

संस्थेच्या जाळ्याच्या वेशीवरील फायरवॉल सामान्यतः बाहेरून आत येऊ पाहणाऱ्या जोडण्या अडवते. आतल्या संगणकाने स्वतःहून बाहेर केलेल्या जोडणीला मात्र बहुधा मुभा असते, कारण त्याशिवाय काम चालणार नाही. हल्लेखोर याच वाटेचा उपयोग करतात. कर्मचाऱ्याला फसवे पत्र पाठवून, म्हणजेच फिशिंग करून, दुवा उघडायला किंवा जोडलेली फाइल उतरवून घ्यायला लावले की जोडणी आतून बाहेर होते आणि ती वैध दिसते.

बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेवरील दरोडा हे याचे बोलके उदाहरण आहे. अमेरिकेच्या न्याय विभागाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आरोपपत्रानुसार, जानेवारी २०१५ पासून बँकेच्या काही कर्मचाऱ्यांना नोकरी मागणाऱ्या उमेदवाराच्या नावाने ईमेल आली. तिच्यात अर्जदाराची माहिती पाहण्यासाठी एक दुवा होता. बँकेच्या किमान ३ संगणकांवरून ती फाइल उतरवण्याचा प्रयत्न झाला. त्यानंतर हल्लेखोर सुमारे वर्षभर जाळ्यात वावरले आणि आंतरराष्ट्रीय रक्कम हस्तांतरणाच्या स्विफ्ट यंत्रणेपर्यंत पोहोचले. ४ फेब्रुवारी २०१६ च्या गुरुवारी रात्री न्यूयॉर्क येथील फेडरल रिझर्व्ह बँकेतील खात्यातून पैसे वळवण्याच्या सूचना पाठवण्यात आल्या. दुसऱ्या दिवशी शुक्रवारची साप्ताहिक सुटी असल्याने ढाक्यातील कार्यालय जवळपास रिकामे होते. सुमारे ९५ कोटी डॉलरच्या सूचनांपैकी १०.१ कोटी डॉलर प्रत्यक्षात वळते झाले. त्यातील श्रीलंकेत गेलेले २ कोटी ‘फाउंडेशन’ या शब्दाच्या चुकलेल्या स्पेलिंगमुळे संशय येऊन परत मिळाले, उरलेले ८.१ कोटी डॉलर मनिला येथील एका बँक शाखेत पोहोचले.

या प्रकरणात दुवा उघडणाऱ्या कर्मचाऱ्याला दोष देणे सोपे आहे. परंतु नोकरीचे अर्ज वाचणे हे कार्यालयीन काम आहे आणि कोणत्याही संकेतस्थळ-बंदीने ते थांबले नसते. बांगलादेश पोलिसांच्या तपास अधिकाऱ्यांनी २०१६ मध्ये निदर्शनास आणलेली त्रुटी निराळी होती. बँकेत फायरवॉल नव्हती, जाळे जोडणारी उपकरणे जुनी व स्वस्त होती आणि स्विफ्टचे संगणक इतर संगणकांपासून वेगळे काढलेले नव्हते. एका टेबलावरची चूक तिजोरीपर्यंत पोहोचू शकली ती त्यामुळे.

काही हल्ल्यांत कर्मचाऱ्याची चूक मुळीच नसते. २७ जून २०१७ रोजी पसरलेले नॉटपेट्या हे विध्वंसक सॉफ्टवेअर युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत अद्ययावतीकरणातून शिरले. नौवहन क्षेत्रातील मर्स्क कंपनीचे संगणक त्यामुळे जगभर निकामी झाले आणि नवी मुंबईच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील, याच समूहाकडून चालवल्या जाणाऱ्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. मर्स्कने आपले नुकसान २० ते ३० कोटी डॉलरच्या घरात असल्याचे सांगितले.

धोक्याची दुसरी दिशा आतून बाहेर जाणाऱ्या माहितीची आहे. मंजूर साधने गैरसोयीची असली की कर्मचारी खासगी ईमेल, व्हॉट्सअॅप किंवा वैयक्तिक क्लाउड खात्यांतून कार्यालयीन कागदपत्रे पाठवू लागतात. संवादी कृत्रिम बुद्धिमत्तेने यात भर घातली आहे. २०२३ मध्ये सॅमसंगच्या काही अभियंत्यांनी गोपनीय सॉफ्टवेअर संहिता चॅटजीपीटीमध्ये टाकल्याचे उघड झाल्यावर कंपनीने अशा साधनांच्या वापरावर निर्बंध आणले. भारताच्या वित्त मंत्रालयानेही जानेवारी २०२५ मध्ये कार्यालयीन संगणकांवर अशी साधने न वापरण्याची सूचना दिली.

नियंत्रणाच्या पद्धती

संकेतस्थळे गाळण्याचे दोन मूलभूत प्रकार आहेत. पहिल्यात निषिद्ध स्थळांची यादी असते व बाकी सर्व खुले राहते. दुसऱ्यात फक्त मंजूर स्थळे खुली असतात. दुसरा प्रकार अधिक सुरक्षित असला तरी वार्ताहर, संशोधक किंवा खरेदी विभागातील कर्मचारी यांच्यासाठी तो जवळजवळ निरुपयोगी ठरतो. ठरावीक कामाच्या संगणकांना, उदाहरणार्थ रोखपालाच्या किंवा कारखान्यातील यंत्रचालकाच्या संगणकाला, तो चांगला लागू पडतो.

आज बहुतेक संकेतस्थळांशी होणारा संवाद कूटबद्ध असतो. त्यामुळे मध्यस्थ यंत्रणेला सामान्यतः स्थळाचे नाव कळते, पण आतील मजकूर दिसत नाही. तो पाहण्यासाठी काही संस्था कर्मचाऱ्यांच्या संगणकांवर स्वतःचे मूळ प्रमाणपत्र बसवतात. मधला प्रॉक्सी सर्व्हर कर्मचाऱ्याशी त्या संकेतस्थळाच्या नावाने बोलतो, मजकूर उलगडतो, तपासतो आणि पुन्हा कूटबद्ध करून पुढे पाठवतो. ब्राउझरमधील कुलपाचे चिन्ह तसेच राहत असल्याने कर्मचाऱ्याला याची कल्पना येतेच असे नाही. या तपासणीत विषाणू सापडतात हे खरे; पण कर्मचाऱ्याने जेवणाच्या सुटीत उघडलेल्या बँक खात्याचा पासवर्ड किंवा रुग्णालयाचा अहवालही त्याच सर्व्हरवर उघडा पडतो. म्हणून बँका व आरोग्यसेवा यांची स्थळे तपासणीतून वगळण्याचा प्रघात आहे. शिवाय सर्वांचे सर्व काही उलगडणारा हा सर्व्हर हल्लेखोरांच्या दृष्टीनेही मोठे लक्ष्य ठरतो.

जाळ्याची विभागणी आणि न्यूनतम अधिकाराचे तत्त्व या पद्धती कमी चर्चिल्या जातात, परंतु त्यांचा परिणाम मोठा असतो. पहिलीत पाहुण्यांचे वाय-फाय, सामान्य कार्यालयीन संगणक आणि आर्थिक व्यवहारांची यंत्रणा यांचे जाळे वेगवेगळे ठेवले जाते. दुसरीत प्रत्येकाला त्याच्या कामापुरतेच अधिकार मिळतात. सामान्य कर्मचाऱ्याला आपल्या संगणकावर नवे सॉफ्टवेअर बसवता येत नाही. जॉन किंडरवाग यांनी २०१० मध्ये मांडलेली ‘झीरो ट्रस्ट’ ही संकल्पना याच विचाराचा विस्तार आहे. कार्यालयाच्या भिंतीआड असणे हे विश्वासाचे कारण मानू नये, प्रत्येक मागणीची स्वतंत्र पडताळणी व्हावी, असे ती सांगते. घरून काम करण्याची पद्धत रुळल्यावर तिचा प्रसार वाढला.

पासवर्ड चोरीला गेला तरी प्रवेश मिळू नये यासाठी द्विस्तरीय पडताळणी वापरतात. मोबाइलवर येणारा संकेतांक फसव्या पानावर टाकवून घेता येतो, तर यूएसबीला जोडावयाची सुरक्षा-किल्ली संकेतस्थळाचा खरा पत्ता स्वतः पडताळते. अशा किल्ल्या सक्तीच्या केल्यापासून फिशिंगमुळे कर्मचाऱ्यांची कार्यालयीन खाती ताब्यात गेल्याची एकही घटना घडली नसल्याचे गूगलने २०१८ मध्ये सांगितले.

प्रशिक्षण आणि बनावट फिशिंग चाचण्या

अनेक संस्था आपल्याच कर्मचाऱ्यांना बनावट फसवी पत्रे पाठवून त्यांची परीक्षा घेतात. या चाचण्यांबाबत मतभेद आहेत. डिसेंबर २०२० मध्ये, कोविड साथीच्या काळात, अमेरिकेतील गोडॅडी कंपनीने ६५० डॉलरच्या सणाच्या बोनसचे आमिष दाखवणारे चाचणी-पत्र कर्मचाऱ्यांना पाठवले. पत्राला प्रतिसाद देणाऱ्यांना बोनस मिळाला नाही, उलट पुन्हा प्रशिक्षण घेण्याची सूचना मिळाली. टीका झाल्यावर कंपनीने माफी मागितली.

अशा चाचण्यांवरील मुख्य आक्षेप केवळ सौजन्याचा नाही. चुकल्यास अपमान किंवा शिक्षा होईल या भीतीने खऱ्या हल्ल्याच्या वेळी कर्मचारी गप्प राहतो. रॅन्समवेअर शिरल्यावर पहिल्याच तासाभरात संगणक जाळ्यापासून तोडता आला तर हानी मर्यादित राहण्याची शक्यता असते, आणि ती पहिली वर्दी बहुधा चूक करणाऱ्याकडूनच येऊ शकते.

वेळेच्या अपव्ययासंबंधीचे संशोधन येथे थोडक्यात नमूद करण्याजोगे आहे. मेलबर्न विद्यापीठातील ब्रेंट कोकर यांच्या २००९ मध्ये जाहीर झालेल्या अभ्यासात, मर्यादित प्रमाणात विरंगुळ्यासाठी इंटरनेट वापरणारे कर्मचारी न वापरणाऱ्यांपेक्षा सुमारे ९ टक्के अधिक उत्पादक आढळले. सरसकट बंदी घातल्यास कर्मचारी स्वतःच्या मोबाइलचे हॉटस्पॉट वापरू लागतात, आणि कार्यालयीन संगणक त्या वाटेने जोडला गेल्यास संस्थेच्या सर्व गाळण्या निष्प्रभ होतात.

खासगीपणा आणि कायदा

मालकाच्या देखरेखीची मर्यादा कोठे असावी याबाबत युरोपीय मानवी हक्क न्यायालयाचा ‘बर्बुलेस्कू विरुद्ध रोमानिया’ हा ५ सप्टेंबर २०१७ चा निकाल मूलभूत मानला जातो. बुखारेस्टमधील एका खासगी कंपनीतील विक्री अभियंत्याने ग्राहकांशी बोलण्यासाठी, मालकाच्याच सूचनेवरून, याहू मेसेंजरचे खाते उघडले होते. वैयक्तिक वापर झाल्याचा आरोप त्याने नाकारल्यावर कंपनीने त्याच्यासमोर संदेशांची ४५ पानी प्रत ठेवली. त्यात भावाशी आणि वाग्दत्त वधूशी झालेले खासगी बोलणेही होते. २००७ मध्ये त्याची नोकरी गेली. रोमानियातील न्यायालयांत आणि २०१६ मध्ये युरोपीय न्यायालयाच्या कनिष्ठ पीठासमोर तो हरला. मोठ्या पीठाने मात्र ११ विरुद्ध ६ मतांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. वैयक्तिक वापरास बंदी आहे एवढे सांगणे पुरेसे नाही, देखरेख होईल याची आणि तिच्या व्याप्तीची पूर्वसूचना हवी, देखरेखीला सबळ कारण हवे आणि कमी उपद्रवी उपाय होता का हे तपासले पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले.

भारतात कर्मचाऱ्यांवरील संगणकीय देखरेखीसाठी स्वतंत्र कायदा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ च्या कलम ७ मध्ये मात्र नोकरीच्या प्रयोजनासाठी, तसेच औद्योगिक हेरगिरीसारख्या हानीपासून मालकाचे रक्षण करण्यासाठी, संमतीशिवाय माहिती वापरण्याची मुभा आहे. ही मुभा किती लांबवर जाते याचे उत्तर न्यायालयांकडूनच मिळावे लागेल. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटनांची माहिती ६ तासांत कळवणे आणि संगणकीय नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक आहे. साहजिकच कर्मचाऱ्यांच्या वापराच्या नोंदीही यात जपल्या जातात.

सहकारी बँकांसाठीचे नियम

महाराष्ट्रात हा विषय ऐरणीवर आला तो पुण्यातील कॉसमॉस सहकारी बँकेवरील हल्ल्याने. ११ ऑगस्ट २०१८ च्या शनिवारी हल्लेखोरांनी एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेच्या जागी बनावट यंत्रणा उभी केली आणि २८ देशांतील एटीएममधून सुमारे ७८ कोटी, तर भारतातून अडीच कोटी रुपये काढले गेले. सोमवार, १३ ऑगस्ट रोजी स्विफ्टद्वारे आणखी १३.९२ कोटी रुपये हाँगकाँगला पाठवण्यात आले.

त्याच वर्षी १९ ऑक्टोबर रोजी रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी मूलभूत सायबर सुरक्षा आराखडा जारी केला. शाखेत इंटरनेट वापरायचेच असल्यास ते ठरवून दिलेल्या स्वतंत्र संगणकापुरते मर्यादित असावे आणि तो संगणक दैनंदिन व्यवहारांच्या यंत्रणेपासून पूर्णपणे वेगळा असावा, असे त्यात म्हटले आहे.