मासेमारीच्या बंदीचा इतिहास

कामगारांच्या संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसांनी माशांवर बोलावे हे काहींना विचित्र वाटेल. आमचे उत्तर सरळ आहे. जेथे काम बंद ठेवण्याचा हुकूम निघतो, तेथे बंदच्या दिवसांत कामकऱ्याने खायचे काय हा प्रश्न निघतोच; मग ती गिरणी असो की नदीचा डोह.

प्रथम आपल्या पंचगंगेकडे पाहू. मृगाचा पाऊस पडला, ओढे-नाले गढूळ होऊन वाहू लागले, की मासे प्रवाहाच्या उलट वर चढतात. यांनाच आपण चढणीचे मासे म्हणतो. ते उथळ पाण्यात, भाताच्या खाचरापर्यंत येतात ते अंडी घालण्यासाठी. गाबोळीने भरलेली मादी तेव्हा काठीनेसुद्धा मारता येते, आणि लोक मारतातही. एका मादीबरोबर पुढच्या वर्षीची किती मासळी टोपलीत गेली, याचा हिशेब कोणी करीत नाही. आपल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे पावसाळ्यापूर्वी काढतात. ते काढतात पुरासाठी. पण त्यामुळे मासळीलाही वाट मिळते. पक्क्या भिंतीच्या धरणापाशी मात्र ही वाट खुंटते.

बंदीची कल्पना जुनी आहे. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात चातुर्मासीच्या तीन पौर्णिमा, तिष्य पौर्णिमा आणि उपोसथाचे दिवस यांना मासे मारू नयेत, विकूही नयेत, अशी आज्ञा आहे. हेतू धर्माचा होता. तथापि त्याच लेखात गाभण व दुभत्या शेळ्या-मेंढ्यांना आणि सहा महिन्यांच्या आतील पिलांना अभय दिले आहे. वीण राखावी हा विचार त्यात स्पष्ट दिसतो. पुढे बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लासा'त 'मत्स्यविनोद' नावाचे प्रकरण येते. त्यात माशांच्या जाती, आमिषे, गळ, दोरी यांचे बारकाईने वर्णन आहे. कोल्हापूरचे शिलाहार याच घराण्याचे मांडलिक. म्हणजे गळ टाकणे हा राजाचा विनोद होता आणि जाळे टाकणे हा भोयाचा पोटाचा धंदा. हा भेद आम्हांस महत्त्वाचा वाटतो, कारण पुढचे कायदे त्याच भेदावर उभे राहिले.

लोकांनीही आपले नियम केले होते. महाडजवळील वाळण कोंड आणि वाडा तालुक्यात वैतरणेवरील तिळसे येथील मासे देवाचे मानतात. तेथे कोणी जाळे टाकीत नाही. कोकणच्या किनाऱ्यावर नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या समुद्रात लोटायच्या नाहीत हा रिवाज. खवळलेल्या समुद्राची भीती आणि मासळीची वीण, दोन्ही एकाच रिवाजात सांभाळली गेली.

सरकारी कायदा आला तो इंग्रजी अमलात. फ्रान्सिस डे या अधिकाऱ्याने १८७३ साली गोड्या पाण्यातील मासेमारीवर अहवाल लिहिला. बारीक आसाच्या जाळ्यांनी पिलांचा नाश होतो ही त्याची तक्रार होती. अखेर १८९७ साली हिंदी मत्स्य कायदा झाला. सुरुंगाची दारू वापरून मासे मारणाऱ्यास दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड ठरला. पाण्यात विष कालविणेही गुन्हा झाला. प्रांतिक सरकारांना जाळ्यांचे आकार ठरविण्याचा आणि ठराविक पाण्यात दोन वर्षांपर्यंत मासेमारी पूर्ण बंद करण्याचा अधिकार मिळाला. हे नियम चांगलेच होते. पण त्या कलमात पिंजरे, बांध, जाळी यांची नावे येतात. साहेबाच्या गळाचे नाव येत नाही. दारू आणि विष वगळता कायद्याचा रोख भोयाच्या हत्यारांवर राहिला.

स्वातंत्र्यानंतर समुद्रात यांत्रिक बोटी आल्या आणि भांडणाचे रूप बदलले. गोव्यात रापणकारांनी १९७० नंतरच्या दशकात ट्रॉलरविरुद्ध संघटना उभारली. किनाऱ्यालगतचे पाणी लहान मच्छीमारासाठी राखावे, ही त्यांची मागणी. गोव्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८० चा, महाराष्ट्राचा १९८१ चा. केरळात उपोषणे आणि मोर्चे झाल्यावर १९८८ साली पावसाळी ट्रॉलरबंदी आली. महाराष्ट्रात ही बंदी प्रथम १० जूनपासून नारळी पौर्णिमा किंवा १५ ऑगस्ट, यांत जे आधी येईल तोपर्यंत असे. २०१५ साली केंद्राने पश्चिम किनाऱ्यासाठी १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस ठरविले आणि बिनयांत्रिक होड्यांना सूट दिली. पूर्व किनाऱ्याचे ६१ दिवस वेगळे, १५ एप्रिल ते १४ जून. आपल्या पंचगंगेचे पाणी नरसोबावाडीला कृष्णेत मिळून ज्या त्रिभुज प्रदेशात समुद्राला पोहोचते, तेथील कोळ्याची बोट आपल्याकडे वळीव पडण्याच्या दिवसांत किनाऱ्याला बांधलेली असते.

आता चुलीचा प्रश्न. बोटीचा मालक दोन महिने तग धरतो; खलाशी धरू शकत नाही. यासाठी योजना आहे: मच्छीमाराने स्वतःचे १५०० रुपये भरायचे, सरकारने ३००० घालायचे, आणि ती रक्कम तीन महिन्यांत त्याला द्यायची. म्हणजे महिन्याला १५०० रुपये, त्यांतही तिसरा हिस्सा त्याचाच. एवढ्यावर कुटुंब चालते असे कोणी म्हणत असेल, तर त्याने महिनाभर चालवून पाहावे.

आम्ही बंदीच्या विरुद्ध नाही. कामगाराला सुटी हवी तशी नदीलाही हवी. पण पगारी सुटीसाठी कामगारांना पिढ्यान्‌पिढ्या झगडावे लागले. कोळी-भोयाला मात्र बिनपगारी सुटी लोकहिताच्या नावाने दिली जाते. दुसरे असे, की १९७४ साली पाण्याच्या प्रदूषणाविरुद्ध कायदा होऊनही पंचगंगेत मेलेल्या माशांचा खच पडल्याचे आपण पाहिले आहे. जाळ्याचा आस मोजणारे सरकार सांडपाण्याचा नळही तितक्याच कडकपणे मोजील, आणि बंदीच्या दिवसांची भाकरी बंदीच्या हुकमातच लिहिली जाईल, तेव्हा हा कायदा पाळा असे आम्ही भोयाला ताठ मानेने सांगू. तोपर्यंत निदान आपण शहरवासीयांनी एवढे करावे: मृगात गाबोळीची मासळी दारात आली, तर ती घेऊ नये.