प्रल्हाद शिंदे : तबकडीपासून कॅसेटपर्यंत

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

प्रल्हाद शिंदे यांचा आवाज ज्या गावाने ऐकला नाही असे गाव महाराष्ट्रात सापडणे अवघड आहे. आषाढीला त्यांची पंढरीची गाणी, गणपतीत ‘तूच सुखकर्ता’, चौदा एप्रिलला भीमगीते. एकाच गळ्याने एवढे मांडव सांभाळले. पण मराठी गाण्याच्या इतिहासाची जाडजूड पुस्तके चाळली तर शिंदे यांच्या वाट्याला फारशी जागा आलेली दिसत नाही. भावगीताला दिवाणखाना मिळाला, नाट्यगीताला नाट्यगृह मिळाले. शिंदे यांच्या गाण्याला मिळाला तो भोंगा.

१९३३ चा त्यांचा जन्म. घराणे मंगळवेढ्याचे. मंगळवेढा म्हटले की चोखोबा आठवतात. गावकुसाच्या भिंतीखाली सापडून त्यांचा अंत झाला आणि समाधी बांधली गेली ती पंढरपूरच्या देवळाबाहेर, महाद्वारासमोर. साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ साली त्या देवळाचे दार दलितांना उघडले, तेव्हा प्रल्हाद चौदा वर्षांचे होते. पुढे याच मुलाच्या आवाजात ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ हे गाणे लाखो वारकऱ्यांच्या तोंडी बसले. दत्ता पाटील यांचे शब्द आणि मधुकर पाठक यांची चाल. ज्यांच्या पूर्वजांना देवळाची पायरी बंद होती, त्यांच्यातल्याच एकाचा आवाज आता वाटेवर सोबतीला असतो, हे किती वारकऱ्यांच्या ध्यानात येत असेल?

शिंदे गाणे शिकले ते मुंबईत, आणि कव्वालीच्या पार्टीत. १९५८ च्या ‘अल हिलाल’ चित्रपटातल्या कव्वालीने घरोघर पोहोचलेले इस्माईल आझाद, त्यांच्या मागे बसून शिंदे कोरस धरीत. मला या गोष्टीचे फार मोल वाटते. कव्वाली ही सुफींच्या दर्ग्यातली चीज. ती मुंबईच्या चाळींत उतरली आणि भीमजयंतीच्या मंचावर चढली. ढोलक, हार्मोनियम, बेंजो आणि टाळी तीच राहिली. पीराच्या जागी बाबासाहेबांचे नाव आले, एवढाच बदल. श्रावण यशवंते, गोविंद म्हशीलकर यांच्यासारखे गायक याच वाटेचे. दोन पार्ट्या समोरासमोर बसत, एकाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने तिथल्या तिथे जवाब द्यायचा. भिंतीवरच्या जाहिरातीत त्याला ‘जंगी सामना’ म्हणत. उर्दूची ही ठेव दलित वस्तीने जिवापाड जपली. आमच्या मुशायऱ्यांत मात्र तिची दखल क्वचितच घेतली जाते. आम्हा मंडळींनाही शिवाशिव काही कमी नाही.

तबकडीवर मात्र हिशेब वेगळा. रात्रभर चालणारी कव्वाली एका बाजूवर तीन-चार मिनिटांत बसवायची. आलाप छाटायचा, शेर दोनच ठेवायचे, टाळी नेमक्या ठिकाणी थांबवायची. शिंदे यांचा गळा या कामाला फार उपयोगी पडला. पहिल्याच स्वरात ते वरच्या पट्टीत उभे राहत, सुरावट चढवत बसत नसत. मग १९८० च्या सुमारास कॅसेट आली. तबकडी वाजवायला ग्रामोफोन लागे, तो गावात एखाद्याच घरी असायचा. कॅसेटचे यंत्र चहाच्या टपरीवर, जीपमध्ये, सालगड्याच्या खोपीतही पोहोचले. सोयगावसारख्या आडवळणाच्या गावाला शिंदे खऱ्या अर्थाने मिळाले ते तेव्हा.

आमच्या सोयगावचा कापूस आणि अमेरिकेतल्या मिसिसिपीचा कापूस, यांत एक नाते आहे असे मला उगीच वाटत आले आहे. तिथे मळ्यावर राबणारे मडी वॉटर्स यांचे गाणे १९४१ साली ॲलन लोमॅक्स नावाच्या संग्राहकाने मळ्यावरच जाऊन ध्वनिमुद्रित केले. पुढे ते शिकागोला गेले, गिटारीला वीज जोडली आणि इंग्लंडच्या गोऱ्या पोरांनी त्यांच्याच तबकड्या ऐकून आपले रॉक उभे केले. बी. बी. किंग यांची पहिली तबकडी १९४९ ची आणि स्टुडिओतला शेवटचा अल्बम २००८ चा. त्या गाण्याला ब्लूज म्हणतात आणि त्यावर विद्यापीठांत प्रबंध होतात. आपल्याकडे भीम-कव्वालीवर असे काम अजून थोडेच झाले आहे.

शिंदे यांच्याबाबत एक प्रश्न मात्र टाळता येत नाही. १९५६ साली नागपुरात दीक्षा घेताना ज्या बावीस प्रतिज्ञा झाल्या, त्यांत गौरी-गणपतीची पूजा न करण्याचीही होती. मग याच चळवळीतल्या हरेंद्र जाधवांनी ‘तूच सुखकर्ता’ लिहावे आणि शिंदे यांनी ते गावे, हे कसे? काहींना ते खटकले, आणि खटकण्यात गैर काहीच नाही. पण भक्तिगीतांना गिऱ्हाईक बारमाही, भीमगीतांना एप्रिल आणि डिसेंबर. लोकगायकाला त्या काळी बहुधा एकरकमी पैसे मिळत. रेकॉर्ड कितीही खपली तरी पुढचे पैसे कंपनीचे. घर चालवायचे तर मिळेल ते ध्वनिमुद्रण करावे लागे. आणि शिंदे यांनी पंढरीचे गाणे पोटापुरतेच गायिले, असेही मला मान्य नाही. तो आर्त स्वर भाड्याने आणता येत नाही. चोखोबाची तक्रार त्यात आहे, असे माझे कान सांगतात.

२००४ साली १५ मे रोजी वामनदादा कर्डक गेले आणि २३ जूनला प्रल्हाद शिंदे. एकाने शब्द दिले, दुसऱ्याने आवाज, आणि दोघेही एकाच उन्हाळ्याच्या अखेरीस उठून गेले. शिंदे यांच्या घरात गाणे मात्र थांबले नाही. मुलगे आनंद आणि मिलिंद यांनी कॅसेटचा काळ गाजवला, नातू आदर्श चित्रपटांत गातो.

गीतकार आणि संगीतकारांना ध्वनिमुद्रणाच्या पुढच्या कमाईतला वाटा मिळावा म्हणून कायद्यात दुरुस्ती झाली ती २०१२ साली, शिंदे गेल्यावर आठ वर्षांनी. आमच्या भागातून पंढरपूरला निघणाऱ्या दिंड्यांच्या ट्रॅक्टरवर त्यांचा आवाज लागतोच. तो आता पेन ड्राइव्हवर असतो. त्यात गाण्याचे नाव असते, गायकाचे कधी असते कधी नसते, आणि दत्ता पाटलांचे तर कुठेच नसते.