वेताळाच्या चपला आणि रामाचा बाण

मंडळी, 'वेताळ' म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं, त्यावरून तुमचं वय किंवा गाव यांपैकी एक तरी नक्की ओळखता येतं.

आपल्या आई-बाबांच्या पिढीतल्या शहरी वाचकाला आठवतो तो कॉमिक्समधला वेताळ. डोळ्यांवर मुखवटा, बोटात कवटीची अंगठी, राहायला जंगलातली गुहा. ली फॉक या अमेरिकन लेखकाने १९३६ साली जन्माला घातलेला हा 'फँटम'. टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी १९६४ साली इंद्रजाल कॉमिक्स काढलं आणि हा गडी मराठी घरांत 'वेताळ' या नावाने पोचला. १९९० मध्ये इंद्रजाल बंद पडलं, पण जुने अंक आजही लोक जिवापाड जपतात.

वेंगुर्ले तालुक्यातल्या माणसाला विचाराल तर उत्तर वेगळं. त्याच्यासाठी वेताळ म्हणजे आरवलीचा श्री देव वेतोबा. आरवली म्हणजे शिरोड्याला लागून असलेलं, जयवंत दळवींचं गाव. वेतोबा तिथला राखणदार. श्रद्धा अशी की रात्री तो गावाच्या हद्दीत फेरी मारतो, अडल्यानडलेल्याला सांभाळतो. आता रोज एवढं चालायचं म्हणजे चपला झिजणारच! म्हणून भक्त नवस फेडायला केळ्यांच्या घडाबरोबर चामड्याच्या चपलांचा जोडही वाहतात. मूर्ती माणसापेक्षा उंच, त्यामुळे चपलाही त्याच मापाच्या, हाताने बनवलेल्या. गंमत बघा, कॉमिक्समधला वेताळही रानावनात फिरणारं अमर भूत म्हणूनच प्रसिद्ध. पण त्याच्या चपलांची काळजी कुणी केल्याचं ऐकिवात नाही :-)

आता तुम्ही म्हणाल, देवाला सुपरहिरोच्या रांगेत काय बसवतोस? रागावू नका. मला बोलायचंय ते हातांबद्दल. आवडत्या नायकासाठी माणूस हाताने काहीतरी बनवतो, त्याबद्दल. १९३९ साली न्यूयॉर्कला विज्ञानकथावाल्यांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं. तिथे मर्टल डग्लस नावाची बाई स्वतः शिवलेला भविष्यकाळातला पोशाख घालून गेली, आणि सोबतच्या फॉरेस्ट अ‍ॅकरमनचाही तिनेच शिवला होता. कॉस्प्लेचा इतिहास लिहिणारे बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात. आपल्याकडे २०११ साली दिल्लीत पहिलं कॉमिक कॉन झालं. आज ऑफिसात कुणाच्या डेस्कवर क्रोशाने विणलेला स्पायडरमॅन असतो, कुणी महिनाभर फोम कापून आयर्नमॅनचं चिलखत बनवत असतो. घरची मोठी माणसं म्हणतात, काय हे नवीन खूळ!

नवीन? छे. सिंधुदुर्गात हे खूळ पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. आणि अशी कला कधी जगते, कधी आचके देते, हेही तिथे फार स्वच्छ दिसतं.

आरवलीहून तासाभराच्या अंतरावर सावंतवाडी. तिथली चितारआळी लाकडी खेळण्यांसाठी सगळ्यांना माहीत असते. पण तिथल्या चिताऱ्यांची खरी भन्नाट चीज म्हणजे गंजिफा. म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. खेळ मूळचा इराणकडचा. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्याच आत्मचरित्रात आहे. मोगली गंजिफात आठ रंग आणि ९६ पत्ते. आपल्या लोकांनी काय केलं, तर त्या साच्यात थेट दशावतार बसवले. दहा अवतार, दहा रंग. प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने. एकूण १२० पत्ते.

यातलं डिझाइन नीट बघण्यासारखं आहे. अवताराचं पूर्ण चित्र फक्त वरच्या दोन पत्त्यांवर. बाकी दहांवर नुसती खूण. मत्स्याचा मासा, कूर्माचं कासव, परशुरामाचा परशू, रामाचा बाण, कल्कीची तलवार. रामाची सत्ती म्हणजे सात बाण, बस्स. चेहरा न दाखवता नायक ओळखू आला पाहिजे. बॅटमॅनचं वटवाघूळ किंवा सुपरमॅनच्या छातीवरचं अक्षर वेगळं काय करतं?

बनवायचं कामही जाम किचकट. कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, वर पांढरा लेप, मग घोटून घोटून गुळगुळीत करायचं, गोल कापायचं, रंगवायचं आणि शेवटी लाखेचा हात. हे १२० वेळा!

मग छापील ५२ पत्ते आले. स्वस्त, हलके, फाटले तर नवीन आणा. गंजिफा मागे पडल्या. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सावंतवाडीत हे काम जाणणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. संस्थानचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी तेव्हा एक वेगळी गोष्ट केली. नुसती मदत देऊन ते थांबले नाहीत, तर पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून स्वतः ही कला शिकले आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला राजवाड्यातच कार्यशाळा सुरू केली. आजही तिथल्या दरबार हॉलमध्ये कारागीर बसून पत्ते रंगवताना दिसतात. २०२४ मध्ये सावंतवाडीच्या गंजिफांना जीआय मानांकनही मिळालं.

गोष्ट गोड झाली ना? थोडं थांबा.

हे पत्ते आज कुठे जातात? फ्रेममध्ये, दिवाणखान्याच्या भिंतीवर, परदेशी पाहुण्यांच्या भेटवस्तूंत. खेळतं कोण? खेळाचे नियम तर इतके सुंदर आहेत. तिघांनी बसायचं, प्रत्येकी ४० पत्ते. हुकूम वगैरे भानगड नाही. दिवसा खेळत असाल तर रामाचा राजा ज्याच्याकडे तो पहिली उतारी करणार, रात्री खेळत असाल तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे तो. पाच रंगांत प्रधानाखाली दश्शी मोठी, उरलेल्या पाचांत उलटा हिशेब, तिथे एक्का मोठा. कुठला पत्ता पडून गेला हे डोक्यात ठेवायचं. १२० पत्त्यांत! आपल्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर हार्डवेअर वाचलं, सॉफ्टवेअर मात्र कुणाच्याच मशीनवर चालत नाही. मानांकन पत्त्याला मिळतं, डावाला नाही.

हाच प्रश्न कुडाळजवळच्या पिंगुळीलाही पडला होता. तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी म्हणजे आपल्या मातीतलं कॉमिकच. सुट्या कागदांवर रामायण-महाभारतातले प्रसंग रंगवायचे, दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवायची, आणि अशा चित्रांची एक पोथी. चित्रात संवादाचे फुगे नाहीत, कारण संवाद कथेकऱ्याच्या तोंडात. वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीत एकेक चित्र पुढे करत तो देवळात गोष्ट सांगायचा. सिनेमा-टीव्ही आल्यावर ऐकणारे पांगले. परशुराम गंगावणे यांनी २००६ मध्ये घरच्याच गोठ्यात ठाकर आदिवासी कला आंगण हे संग्रहालय उभं केलं, २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पण मला महत्त्वाचं वाटतं ते हे की तिथे चित्रं नुसती टांगलेली नाहीत. ती हातात घेऊन गोष्ट सांगितली जाते, चामड्याच्या बाहुल्या पडद्यामागे नाचवल्या जातात. हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर दोन्ही चालू!

आणि आता पुन्हा वेतोबाच्या चपला आठवा. त्यांना कुठल्या राणीसाहेबांनी वाचवावं लागलं नाही. कारण त्या शोभेच्या नाहीतच. देव चालतो, चपला झिजतात, नवीन लागतात. जोपर्यंत वेतोबा चालतोय असं गाव मानतं, तोपर्यंत चपला शिवणाऱ्याला काम आहे. हस्तकलेसाठी यापेक्षा चांगली योजना मला तरी सुचत नाही. वस्तू झिजली पाहिजे. झिजायला ती वापरात पाहिजे.

म्हणून पुढच्या मालवण ट्रिपला तारकर्लीहून परत येताना सावंतवाडीला एक चक्कर टाका. हाताने केलेला अख्खा जोड महाग पडतो, खरंय. मग चार जणांत मिळून घ्या. आपण लोक बोर्ड गेमचे चाळीस पानी नियम वीकेंडला वाचून काढतो, त्यापुढे दशावतारी गंजिफा काहीच नाही. पण एक विनंती, घरी आणून फ्रेम करू नका. जमिनीवर सतरंजी टाका, तिसरा भिडू शोधा आणि डाव मांडा. पत्त्यांच्या कडा थोड्या झिजू देत.

रात्री बसणार असाल तर आधी कृष्ण कुणाकडे आलाय ते बघा. :-)